आठ ग्लासांचा आवाज

पोलीस ठाणे सें-लोबेर, मेदॉक. दि. १४ फेब्रुवारी १९९८, सकाळी १०.२० वा.

मी, सोलांज दुबेर्ने, वय ६३ वर्षे, अविवाहित, धंदा स्वयंपाक व ग्लास धुणे, नेमणूक मस्यू तारिस यांचा द्राक्षमळा, राहणार वाइन कोठाराच्या मागचे घर, सें-लोबेर. कोणी बोलावलेले नसताना स्वतः समक्ष येऊन सांगते की,

वरील घरात मी माझा थोरला भाऊ फर्नां, वय ६७, याच्यासोबत राहते. फर्नां मळ्याच्या कोठाराचा प्रमुख आहे. त्याची नोकरी आहे तोवर घर आमचे आहे.

गुरुवार दि. १२ रोजी चार नंबरच्या टाकीतून अंदाजे हजार लिटर वाइन गटारात गेली. मस्यू तारिस यांच्या तक्रारीवरून काल कोठारातला कामगार द्रिस अमरानी, वय ५४, यास ताब्यात घेतले, कारण कोठाराची एक चावी त्याच्याकडे असते. द्रिसने सव्वीस वर्षांत एक थेंब सांडलेला नाही. तो पीत तर नाहीच. टाकीचा नळ मी सोडला. फर्नांची चावी जेवणाच्या टेबलावर होती, ती घेतली. दुपारी बारा ते दोन सगळे जेवायला बसतात, तेव्हा कोठाराकडे कुत्रेही फिरकत नाही.

का सोडला, असे साहेबांनी विचारले. रागाने सोडला असे लिहा, असे मी म्हटले. कोणाचा राग, असे साहेबांनी विचारले. मला नाव सुचले नाही. म्हणून आता खरे ते सांगते.

आमची वाइन चार जातींच्या द्राक्षांची. काबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो यांनीच ती बहुतेक भरते, काबर्ने फ्रां थोडी वासापुरती, आणि पेटी वेर्दो मिठाएवढी, शंभरात तीन. पेटी वेर्दो जास्त झाली की जीभ काळी पडते, तोंड आवळते. चारही वेगवेगळ्या टाक्यांत असतात व फेब्रुवारीत एकत्र करतात. त्या दिवशी फर्नां घोट घेतो, भुशाच्या पेटीत थुंकतो आणि पेटी वेर्दो शंभरात किती घालायची तो आकडा सांगतो. तो थुंकेपर्यंत कोणी बोलायचे नाही. थुंकल्यावर सांगितलेला आकडा मागे घ्यायचा नाही. हा रिवाज आमच्या वडिलांपासूनचा. वडीलही तेथेच प्रमुख होते. नाक त्यांनी आम्हा दोघांचे तयार केले, कोठार एकाला दिले.

तीन वर्षांपूर्वी तापात फर्नांचे नाक गेले. शेजारी दूध करपले तरी त्याला कळत नाही. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नाही. तेव्हापासून मी आधी चाखून ठेवते, मग ग्लास पुसत त्याच्या मागे उभी राहते, आणि जितके टक्के तितक्या वेळा ग्लास ट्रेवर टेकवते. तो मोजतो. दोन वर्षे वाइनची फार वाहवा झाली. त्यातली थोडीही त्याने घरी आणून मला दिली नाही. मला वाईट वाटले, पण मी मागितली नाही.

सोमवार दि. ९ रोजी मस्यू तारिस यांनी बोर्दोहून सल्लागार आणले, नाव मस्यू कोसाद. मला बघून ते म्हणाले, "ही बाई इथे कशाला? हिच्या हातांना साबणाचा वास येतोय." मस्यू तारिस म्हणाले, "सोलांज, तू आपली जेवणाचं बघ." मी शेजारच्या मोरीत गेले. दार अर्धवट उघडे होते. कामगारांचे नाश्त्याचे ग्लास पडले होते, ते पुसून एकेक फळीवर ठेवले. आठ होते. माझे लक्ष चुलीवरच्या कोंबडीत होते. तेवढ्यात फर्नां थुंकल्याचे ऐकू आले, आणि तो म्हणाला, "पेटी वेर्दो. आठ."

मस्यू कोसाद ओरडले, "आठ! वा! या वयात काय ही छाती!"

घरी आल्यावर मी म्हटले, "अरे, मी नाश्त्याचे ग्लास पुसत होते!"

"आठदा वाजले."

"वाजले, पण तुझ्यासाठी नव्हते. जा आणि तीन म्हणून सांग."

"थुंकलोय मी, सोलांज. आता तीन म्हटलं तर तो शहाणा म्हणेल, या, परत चाखू. मग मी काय, त्याच्यापुढे कान टवकारून बसू?"

"म्हणजे आठ घालणार?"

"घालू दे. म्हातारा चळला म्हणतील. नाक गेलं म्हणण्यापेक्षा ते बरं."

बुधवारी मी घरी जगमध्ये आठाचे मिश्रण करून पाहिले. शाई झाली होती. तिच्या बाटल्यांवर फर्नांचे नाव जाणार होते. टाक्या शुक्रवारी एकत्र करायच्या होत्या, म्हणून गुरुवारी नळ सोडला. चार नंबरच्या टाकीत पेटी वेर्दो सोळाशे लिटर होती, सगळ्या वाइनच्या आठ टक्के. सहाशे उरल्यावर बंद केला, म्हणजे सगळ्या वाइनमध्ये तीनच टक्के जाईल. सूड घेणारा माणूस मोजून थांबत नाही, असे साहेब म्हणाले. ते खरे आहे.

नळाचे फर्नांला माहीत नव्हते. काल द्रिसला गाडीत बसवताना फर्नांने माझ्याकडे पाहिले, आणि मग जेवला नाही. आज मला येथे त्यानेच गाडीने आणले. वाटेत त्याने विचारले, "काय सांगणार?" मी म्हटले, "खरं." "सगळं?" मी खिडकीबाहेर पाहिले.

द्रिसला सोडावे. नाकाचा परिच्छेद खोडावा, अशी मी विनंती केली. तो खोडला तर नळ मी का सोडला ते कळणार नाही व द्रिस सुटणार नाही, असे साहेबांनी सांगितले. मग राहू द्या म्हटले.

लिहिलेले सर्व साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. नाकाचा परिच्छेद आला तेव्हा मी हळू वाचायला सांगितले, कारण फर्नां बाहेर बाकावर आहे, दार नीट लागत नाही, आणि त्याचे कान चांगले आहेत. साहेबांनी आवाज होता तोच ठेवला. वाचन संपल्यावर बाहेर बाकावर तीन वेळा टकटक झाली. कोणी केली ते मी पाहिलेले नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सोलांज दुबेर्ने