दुलीचंदाले न विकलेले बटेर

हॅलो?… हॅलो, साक्षी? बोल व बेटा. आत टॉवर नाही, अंगणात आली… हां, आता बोल.

हो, हो… पिसांचा रिपोर्ट आला? चोरखमारा तलावाच्या बांधावरच्या लाव्यांचा? मंग चांगलं झालं ना! चिडून काऊन राहिली?

काय?… आपल्या रानलाव्यात फार्मच्या जपानी बटेराचं रक्त?… अर्ध्याअधिक पाखरांत? बाप्पा!… नाही व, मी कायले घाबरू? कोंबडी हाकलून राहिली इथं.

आपले पाळलेले बटेर? ते… बर्ड फ्लूच्या सालचे ना, दोन हजार सहाचे. तू मामाघरी होती तवा, सालेकशाले. पाखरं विकत घेणाऱ्या दुलीचंदाले विकले म्हणून सांगतलं होतं ना तुले.

थांब, थांब. कोणाचं नाव लिहिलं?… दुलीचंदाचं? त्यानं बांधावर सोडले म्हणून?… अवं आयक ना! सरांना तुहा लेख आजच देऊन राहिली? किती वाजता?… चारला?

अहो, हात कायले हलवून राहिले तुम्ही? पोरगी त्या गरिबाचं नाव छापून राहिली!… तुले नाही व, तुह्या बाबाले बोलली.

साक्षी, खोड ते नाव. आत्ताच खोड… काऊन म्हणजे? दुलीचंदानं एक बी बटेर नेला नाही. तुह्या बाबानं सोडले. हो… साठच्या साठ.

आयक तरी! गिऱ्हाईक तुटलं होतं, दाणा संपला. सारे म्हणत, माना पिळा अन् खड्ड्यात टाका. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर. तुह्या बाबाले पंचशील आठवलं, जीव घ्यायचा नाही म्हणे! विकताना नाही आठवलं, मारताना आठवलं. पिंजरे सायकलले बांधले अन् बांधावर नेऊन उघडले.

तुले काऊन नाही सांगतलं?… दुसऱ्या दिवशी पाहायले गेले, तर बांधभर पिसंच पिसं. मुंगूस, मांजर… पिंजऱ्यातली पाखरं, त्यायले पळणं कुठं माहीत? आठ दिवस धड जेवले नाही तुहे बाबा. मीच म्हणलं, पोरीले विकले म्हणून सांगू.

हो… हो, चुकलंच. रानातल्या जातीत भेसळ झाली, ते बी लिही. बाबाचं नाव पुरं टाक, चंद्रशेखर… रागावतील तर रागावू दे.

काय म्हणाली? पुन्हा सांग… साऱ्यायतलं बटेराचं रक्त पाचच माद्यांचं?… म्हणजे पाच जगल्या होत्या?… पक्कं ना? पिसावरून कळते इतकं?

अहो, आयकलं का? पाच वाचल्या तुमच्या! आता उडतात ना बांधावर, ती त्यायचीच नातवंडं… होय हो, पोरगीच सांगून राहिली!

नाही व, मी नाही रडून राहिली… थांब जरा. अहो, चप्पल तरी घाला! ऊन पाहा किती!… साक्षी, ठेवते मी. बांधाकडे निघाले ते.