सोन्याच्या अंगठीवरचा मध

माझं माहेर मायणीकडचं, सासर वडूजजवळ, दोन्हीकडं पान्याची बोंब, तवा लगीन म्हंजे एका विहिरीवरनं उठून दुसऱ्या विहिरीवर जायचं एवढंच झालं बघा. पुढं गावात अंगणवाडी आली, मी मदतनीस लागले, ईस-बावीस वर्सं झाली, अजून तिथंच हाय. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, आन् बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगायचं की बायांनो, जन्मलेल्या लेकराला मध न्हाई, गुळाचं पानी न्हाई, निसतं आईचं दूध. किती सासवांशी भांडले मी ह्याच्यावरनं! एकीनं तर मला चुलीतलं लाकूड दाखवलं.

आन् काय सांगू तुमाला, माझ्याच घरात मी काय केलं. ल्योक लांब तमिळनाडूत गलाईच्या दुकानात, सोनं आटवतो. सूनबाई वडूजला दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. आमच्यात दोन पिढ्या मुलगी न्हवती, मला लय हरीख झाला. लेकानं दिलेली अंगठी हातात हुती. आमच्याकडं सोन्यानं मध चाटवत्यात, वाचा गोड हुती म्हनं. मनात म्हणलं, एकच थेंब. सूनबाईचा डोळा लागला हुता. चाटवला.

लेकरू ठसकलं, तोंडाला फेस, ओठ निळं. मी वरडले. नर्सबाई नळी घालाय बघत्यात तर नळी आत जाईना. डॉक्टर म्हणले, अन्ननलिका पोटापतूर जोडलेलीच दिसत न्हाई, सांगलीला न्या. ॲम्ब्युलन्समधी मी तिच्या पायाशी बसलेली, विटा कवा आलं कवा गेलं ठावं न्हाई.

सांगलीत तिला काचेच्या पेटीत ठेवली, मशीन लावलं. छाती आपली वरखाली हुती, पन श्वास मशीनचा. सर्जनबाई माझ्या सूनंएवढ्या वयाच्या. त्यांनी इचारलं, आजी, तोंडातनं काय दिलंय का? मी म्हणलं, न्हाई. गावभर शिकवत फिरनारी मी, कोनत्या तोंडानं सांगू? भाईर बाकड्यावर येऊन बसले, पन बसवंना. परत गेले, म्हणलं बाई, मी खोटं बोलले, मध दिलाय, माझ्यामुळंच हिची अन्नाची नळी बंद झाली.

बाईंनी मला खुर्चीत बसवलं. म्हणल्या, लेकरू आईच्या पोटात असतानाच ती नळी तशी घडली हुती, तो तुमचा दोष न्हाई. मध दिला ही मातर चूक, तो छातीत उतरला असनार. सांगितलंत ते बरं केलं, आधी छाती सुधारू, मग ऑपरेशन.

तवर सूनबाई सांगलीला आली. तिलाबी मी सगळं सांगितलं. तिनं दोन दिस माझ्याकडं बघितलं न्हाई.

ऑपरेशन ठरलं ते पाचवीच्या दिशी. पाचवीला सटवाई लेकराचं नशीब लिवती, घरी आमी पाटा पुजतो. तिथं कुठला पाटा? मी भिताडाकडं तोंड करून हात जोडलं, म्हणलं, आई सटवाई, आज तुझा हात आन् बाईंचा हात संगंच चालू दे. पाठीमागनं सूनबाई म्हणली, आत्या, एकट्या कशाला बसताय, इकडं या माझ्याजवळ. मला रडूच फुटलं गड्या.

लय तासांनी बाई भाईर आल्या, म्हणल्या नळी जुळली. पुढं पाच दिसांनी मशीन काढलं आन् पोरीचं रडनं सांगलीत पयल्यांदा कानावर आलं, एवढंसं, बसक्या आवाजाचं.

आता चार वर्सांची हाय. काखंखाली वण हाय, आन् घास बारीक करून सावकाश खावा लागतो, घाई केली की अडकतो. तिला ठसका लागला की अजून मी आधी तिचं ओठ बघते. भरवायचं काम सूनबाईचंच, मी कवा पुढं झाले न्हाई. परवा ती शेताकडं निघाली, ताट माझ्या हातात दिलं, म्हणली, आत्या, आजपास्नं तुमीच भरवत जावा, माझ्याकडनं घाई हुती. एवढं बोलून गेली बी. पोरीनं आ केला. मी घास बोटानं बारीक करून तोंडात दिला, तिनं गिळला आन् परत आ केला. तुमच्या बी घरात सगळ्यांना असाच सुखाचा घास मिळू दे, बाबा.