पडदाभर नकाशा

धाकटा : नाही ताई, मधे जागा सोडू नकोस. सगळं सलग. दोन हजार पाचशे साठ, इंग्रजी एक्स, चौदाशे चाळीस, पुन्हा एक्स, बत्तीस.

ताई : लिहिलं बाबा. कसले आकडे हे?

धाकटा : पडद्याची रुंदी, उंची. आणि शेवटचे बत्तीस, ते रंगांसाठी. एंटर दाब.

ताई : दाबलं. काहीच बोललं नाही ते.

धाकटा : बोललं नाही म्हणजे मान्य झालं. आता आतलं मशीन चालू कर.

ताई : हेच मला उमगत नाही. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कशाला?

धाकटा : ऑफिसचं नकाशांचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवरच चालतं. म्हणून आत खोटं मशीन बनवलंय. पण ते एवढा मोठा पडदा ओळखतच नाही. मधोमध पाटीएवढी खिडकी देतं.

ताई : आणि त्या पाटीत नकाशा सरकवायला मी शेजारी बसलेली.

धाकटा : म्हणूनच. सगळा एकदम दिसला, तर हनुवटीने ढकलायच्या या काडीने पडद्यावरचा बाण हलवून माझं मी करीन.

ताई : अगं बाई! हे तर काळंठिक्कर झालं. मोडलं की काय माझ्या हातून?

धाकटा : मोडलं नाही. चित्राला मेमरी कमी पडतेय. ते बंद कर. सेटिंग, मग डिस्प्ले. व्हिडिओ मेमरीची पट्टी पार उजवीकडे ओढ.

ताई : उद्या बघू. तुझी कूस बदलायची राहिलीय.

धाकटा : उद्या साहेब बघणार आहेत, मी एकट्याने काम करू शकतो का ते.

ताई : एकट्याने कशाला? मी आहे ना.

धाकटा : सोमवारी नसशील.

ताई : कोण म्हणालं?

धाकटा : भावोजी. काल, फोनवर. सोमवारी आली नाहीस तर शाळा दुसरी बाई नेमेल. आणि पोरगी रोज दारात जाऊन बसते.

ताई : चोरून ऐकतोस होय रे?

धाकटा : शिडीवरून पडलो तेव्हा मानेखालचं सगळं गेलं. कान तेवढे शाबूत राहिले, त्याला मी काय करू?

ताई : मी येणार नाही म्हणून सांगितलंय त्यांना.

धाकटा : तेही ऐकलं. मग नळ सोडून रडलीस, तेही. पट्टी ओढ ताई.

(ती पट्टी ओढते. मशीन पुन्हा सुरू होतं.)

ताई : अरे… पडदाभर आला की! नदी, पूल, पलीकडच्या गल्ल्यासुद्धा!

धाकटा : हात लावू नकोस. हा रस्ता मी काढतो.

ताई : जमतंय रे तुला! अगदी कडेपर्यंत गेलास.

धाकटा : मग निघ. दिवसभर नर्सबाई असतील.

ताई : आणि त्या जेवायला उठल्या, नि नेमकी तुझ्या नाकाला खाज सुटली तर?

धाकटा : आत्ताही सुटलीय. मघापासून.

ताई : अरे, मग बोलायचं नाही का! कुठे, इथे?

धाकटा : राहू दे ताई. सवय करतोय.