लाल फुलीचा मोह

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले कार्यकारी अभियंता माननीय वीरेंद्र पटले साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती रत्नमालाताई रामटेके, समोर बसलेले माझे जुने सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत पदर सावरून बसलेल्या, नाकाडोंगरीहून एसटीनं खास आलेल्या गोदावरीमावशी, आपणा सर्वांना या कृष्णरावाचा नमस्कार.

मी वीज उपकेंद्रातला निवृत्त ऑपरेटर. शाळेत कविता पाठ करण्यात पहिला यायचो आणि पुढं जन्मभर मीटरचे आकडे वाचत बसलो. म्हणून इथं चढताना धनीराम लाइनमननं कानात सांगितलं, "मामा, कविता एकच हं. लोक जेवाचे आहेत." धनीराम, ऐकलं तुझं. एकच म्हणेन.

रत्नमालाताई बढतीवर नाशिकला निघाल्या आहेत. अशा वेळी गुण मोजायची रीत आहे. मी मोजणार नाही. मी एका झाडाची गोष्ट सांगणार आहे.

आपला जिल्हा दुभंगला, गोंदिया वेगळा झाला. कागदावर रेघ आली, पण तारा होत्या तशाच राहिल्या. त्याच तारांपैकी एक मोठी लाइन नाकाडोंगरीच्या रानातून जाते. काही वर्षांमागं फाल्गुन लागला की ती दुपारी अचानक बंद पडू लागली. उपकेंद्रात घंटी वाजायची आणि रिलेचं यंत्र अंतर दाखवायचं, दोष इतक्या किलोमीटरवर आहे म्हणून. दरवेळी अंतर जवळपास तेच यायचं. धनीरामची मंडळी दुर्बीण घेऊन निघायची. तारा पेलणाऱ्या चिनीमातीच्या चकत्या पाहिल्या, तारांचे जोड पाहिले, काही सापडेना. आणि तिथंच, तारांच्या पट्ट्याच्या कडेला, गोदावरीमावशींचा मोह उभा. दुसरं काही सापडत नाही म्हटल्यावर संशय कुणावर जाणार? फांदी वाऱ्यानं तारेशी जात असेल, असं ठरलं. झाडाच्या खोडावर लाल रंगानं फुली मारली गेली. आठवडाभरात तोड.

मावशींचं वर्षाचं तेल-मीठ त्या झाडाच्या फुलांवर. त्या तडक उपकेंद्राच्या फाटकाशी आल्या. मला म्हणाल्या, "तुमचा करंट तुम्हाले सांभाळता येत नाई, अन् माह्या झाडावर काहून राग काढता, बाप्पा? माह्या सासूनं राखलं ते झाड." मी त्यांना पाणी दिलं. माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो पाणीच देतो, नाही का?

रत्नमालाताई तेव्हा चाचणी विभागात नव्या आल्या होत्या. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, रान काय ओळखणार, असं आम्हा म्हाताऱ्यांना वाटायचं. त्या जागेवर गेल्या. फांद्या पाहिल्या, एकीवरही जळाल्याची खूण नव्हती. मग त्या झाडाखाली बसल्या आणि सभोवार जमीन पाहत राहिल्या. मोहाची पानं गळायचे दिवस, आणि झाडाखाली अंगण सारवल्यासारखी स्वच्छ जागा.

"आजी, पानं कुठं गेली सगळी?" ताईंनी शेजारी उभ्या मावशींना विचारलं.

"वाऱ्यानं नेली."

"अन् तिकडं राख ठेवून गेला का वारा?"

मावशींनी ताईंना नखशिखांत पाहिलं. मग म्हणाल्या, "तू जंगल खात्याची होय का?"

"नाही आजी, मी बिजलीवाली. माझी आजी मोहफूल वेचायची. तिच्यासोबत मीपण पानं जाळली आहेत."

तेव्हा गाठ सुटली. मंडळी, फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालची पानं झाडून जाळायची, ही आपल्या रानातली जुनी चाल. पण झाडाला झळ लागू नये, वणवा पसरू नये, म्हणून बाया तो ढीग ओढत मोकळ्या जागेत नेत. मोकळी जागा कुठली? आपणच लाइनसाठी साफ ठेवलेला पट्टा. बरोबर तारांच्या खाली. दाट धूर आणि ज्वाळा वर चढल्या की वीज तारेतून खाली झेप घेते आणि लाइन बंद पडते. आमची माणसं पोचेपर्यंत आग विझलेली, बाया घरी गेलेल्या, आणि दंडाच्या भीतीनं कुणी बोलायला तयार नाही. राख आम्हीही पाहिली होती. फाल्गुनात या रानात राख कुठं नसते? आम्हाला तर वर पाहायची सवय.

अध्यक्ष महोदय, आपण तेव्हाही याच खुर्चीत होतात. आपण विचारलंत, "झाड ठेवलं आणि लाइन पुन्हा पडली तर?" ताई म्हणाल्या, "तर माझं चुकलं असं लिहून देईन, आणि झाड तोडताना तिथं उभी राहीन." आपण एका हंगामाची मुदत दिलीत. ती देणंही सोपं नव्हतं, हे मी इथं मुद्दाम सांगतो.

मग गावातल्या बायांनी जुनी लुगडी शिवून झाडाखाली अंथरली. फुलं थेट कापडावर पडू लागली. पानं पट्ट्यापासून लांब खड्ड्यात, खतासाठी. धनीराम पाहणीला गेला तर मावशींनी दटावलं, "पाय पुसून ये, माह्या लुगड्यावर चालून राहिला."

आणि एका दुपारी घंटी वाजली.

ताई दारातच थांबल्या. माझा चष्मा सापडेना, तो कपाळावर होता. अंतर वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणालो, "ताई, नाकाडोंगरी नाही. वैनगंगेकडचं आहे." वादळानं कुणाच्या तरी छपराचा पत्रा तारांवर नेऊन टाकला होता. दोष सापडल्याचा एवढा आनंद मी नोकरीत कधी पाहिला नाही. ताई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. यावेळी पाणी देताना मला सगळं सुचत होतं.

नाकाडोंगरीची घंटी त्या हंगामात वाजली नाही. पुढंही पानांच्या आगीनं ती वाजलेली मला ठाऊक नाही. धनीराम, आता तुझी परवानगी घेतो:

तारेखाली उभा मोह, गंध सांडतो पहाटे,
वीज जाते गावोगावी, फूल ओंजळीत दाटे.

झाली कविता.

सकाळी मी मावशींना विचारलं, ताईंना काय सांगू? त्या म्हणाल्या, "तिले सांगा, लाल फुली मी पुसू नाई देली. खोड फुगून राहिलं, तशी ते फुली फाटत चालली. दोन-चार वर्षांत दिसणार बी नाई. तवा पाहाले ये म्हणा." निरोप मी पोचवला. मावशींच्या मांडीवरच्या गाठोड्यात मोहाचे लाडू आहेत, ते मात्र त्या स्वतःच देतील.

रत्नमालाताई, नाशिकला तारा पुष्कळ आहेत. तिथंही अधूनमधून खाली पाहत जा.

मला बोलायला बोलावलंत, या म्हाताऱ्याचं लांबण ऐकून घेतलंत, आपले मनापासून आभार. बोलण्यात कुठं दोष राहिला असेल, तर तो नेमका शोधून काढणाऱ्या बाई आता बदलीवर निघाल्या आहेत. तेव्हा तो आपणच पोटात घालावा, आणि जेवायला चलावं.