आईंचा सिग्नल

वाहतूक खात्याच्या कचेरीत लायसन्सच्या रांगेत एक सुतार उभा होता. त्याच्या पुढ्यातच दीर-भावजयीची जोडी रंगात आली होती.

"वहिनी, सिग्नल नामंजूर."

"अहो भाऊजी, मग आईंनी रस्ता ओलांडायचा कसा? मावशी समोर राहतात, तरी दोघी बहिणी गॅलरीतून हात हलवून बोलतात."

"ऐका तर. गाड्या मोजायला खात्याने रस्त्यावर रबरी नळी टाकली होती ना, तिच्यावरून मी दिवसभर टेम्पो फिरवला."

"मीही स्कूटर फिरवली. सगळ्या गल्लीने फिरवली."

"तरीच. साहेब म्हणाले, एवढ्या गर्दीला सिग्नल पुरायचा नाही. थेट उड्डाणपूल मंजूर केलाय."

"अय्या, आपल्या दारात पूल?"

"दारात नाही. खांब आपल्या ओट्यावर येतोय."

"कुठल्या ओट्यावर?"

"स्वयंपाकाच्या. मी हरकत घेतली. परवा पुन्हा मोजणी आहे."

"मग परवा कुणी गाडीच काढायची नाही."

"म्हणजे सिग्नलही गेला."

"मग सिग्नल मिळेल, पण पूल यायचा नाही, इतक्याच फिरवू."

"इतक्याच म्हणजे किती?"

"चवीपुरत्या."

सुताराला राहवेना. तो पुढे वाकला.

"ताई, त्यात आमचीही एक स्कूटर धरा. फक्त एवढं लायसन्स हातात पडू द्या."