उघडलेली बाटली

आई : थुंकला गं तो. सगळ्यांची पानं वाढलेली, आणि हा माझ्या चांगल्या कपात थुंकला.

लेक : वाइन चाखणारे थुंकतातच, आई. हॉटेलात त्याचं कामच ते. प्रत्येक घोट गिळला तर संध्याकाळी घरी कसा येईल?

आई : ते हॉटेलात. इथे एकच बाटली, तीही सहा वर्षं माझ्या पलंगाखाली निजवलेली. बूच सुकतं, आडवी ठेवा म्हणाला, ठेवली. उजेड नको म्हणाला, वर गोणपाट घातलं. फ्रान्सची तांबडी आहे, तोवर मुरेल, लग्न ठरवू त्या दिवशी फोडू म्हणाला. तुझ्या काकांनी विचारलं तेव्हा आज फोडू म्हणून हो म्हणाला ना? हिच्याबरोबर भाजलेलं मटण लागतं म्हणून सकाळपासून चुलीशी उभी आहे मी.

लेक : मटण आवडलं त्याला.

आई : न आवडायला काय झालं, दोनदा मागून घेतलं. मग पेला फिरवला, त्यात नाक खुपसलं, चूळ भरल्यासारखा घोट खेळवला आणि म्हणतो, अजून कच्ची आहे, आणखी चार वर्षं मुरू दे. वर बूचही ठोकलं परत. तुझे काका अर्ध्या पानावरून उठले.

लेक : चवीतलं त्याला कळतं. खोटं कशाला बोलेल?

आई : आरसा बघतेस ना अधूनमधून? चार वर्षांनी नवरीला आधी कलप लावावा लागेल.

लेक : हळू बोल, तो बाहेर आहे. आज त्याला काही म्हणू नकोस, पाया पडते. एवढी थांबले, आणखी थांबेन.

(पाहुणा बाटली घेऊन स्वयंपाकघरात येतो.)

पाहुणा : काकू, ही परत पलंगाखाली ठेवू ना?

आई : ठेवा की, जावईबापू. फक्त एक सांगा, मी काही शिकलेली नाही. आमचं लोणचं झाकणाखाली मुरतं, झाकण उघडलं की बुरसतं. तुमची ही उघडल्यावर मुरते का?

पाहुणा : त्याचं असं असतं काकू, वारा लागला की तिचा वास आधी...

आई : मुरते का?

पाहुणा : नाही. चार दिवसांत आंबते.

लेक : म्हणजे बूच लावताना तुला ठाऊक होतं.

पाहुणा : सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही कसं म्हणायचं, सुचेना. वाटलं, तू आपणहून कंटाळशील.

लेक : कधीपासून वाटतंय?

पाहुणा : झाली दोन-तीन वर्षं.

आई : रडायचं ते माजघरात जाऊन रड, इथे चूल आहे. आणि तुम्ही ऐका. मुलगी तुम्हाला द्यायची नाही. दुसऱ्या कुणाला द्यावी अशी तुम्ही ठेवली नाहीत. तेव्हा बाटली मोरीत ओता आणि निघा. हिला राहू दे इथेच, माझ्या म्हातारपणाला कुणीतरी लागेलच.