पत्ता ठाऊक नसलेली हाक

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. हाक साऱ्या गावाला ऐकू गेली, तर ती माझ्यासाठी नव्हतीच, असं म्हणता येईल का? — थांबा, माना डोलवायची घाई नको! आधी ऐका.

देवरूखच्या एका कॉलेजात अच्युतराव लिमये कॉम्प्युटर लॅब सांभाळत. अठ्ठावीस वर्षं! एकुलती एक मुलगी शैलजा, नाशिकला. आई गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे राहायला चला." बाबा म्हणाले, "नको गं." ती चिडली — "पुन्हा विचारणार नाही!" आणि अबोला धरला. किती? आठ महिने!

बाबांनी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. मग त्यांनी फोन सोडला. घरच्या वीस-बावीस माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर रोज एक ओळ टाकू लागले. 'आज धुकं दाट.' 'अळूवड्या केल्या, जमल्या.' नातेवाईक अंगठे दाखवून मोकळे! (हसता काय? तुम्हीही तेच करता!) शैलजा वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. साऱ्या खानदानाला सांगतात — मला एकटीला एक शब्द नाही!

आणि एक दिवस बाबा गेले. अचानक.

दिवसकार्य झाल्यावर ती लॅबमधलं त्यांचं सामान आणायला गेली. मदतनीस कुंदा तोरस्करनं कपाट उघडलं. चष्मा, पकड, वायरींची भेंडोळी, दोन चपट्या पेट्या.

"ताई, हा हब, हा स्विच. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. सरांचा भारी जीव ह्यांच्यावर."

"सारख्याच तर दिसतात."

"सर वर्गात पोरांना उभं करायचे. हब म्हणजे चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. सगळ्यांनी ऐकायची, ज्याचं नाव त्यानं घ्यायची, बाकीच्यांनी सोडून द्यायची. दोघं एकदम बोलले की नुसता गोंधळ! स्विच शहाणा. कोण कुठल्या वायरीच्या टोकाला, ते लक्षात ठेवतो नि चिठ्ठी थेट त्याच्या हातात देतो."

आपल्या आळीत हब किती आहेत, मी विचारत नाही! तिसऱ्या रांगेत बघूही नका!

शैलजा कोरड्या आवाजात म्हणाली, "मग बाबांनी मला हबवरच ठेवलं."

कुंदा वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"स्विचला आधीपासून पत्ते ठाऊक नसतात, ताई. जो बोलतो, त्याचाच पत्ता कळतो. कुणी बराच वेळ गप्प राहिलं, की पुसला जातो."

"आणि मग त्याच्या नावाची चिठ्ठी आली तर?"

"सगळ्या वायरींवर धाडतो. असते एकाचीच. पण तो कुठंय ते कळायला दुसरा मार्ग काय? त्यानं एकदा ओ दिली, की पुढचं सगळं थेट."

शैलजा स्टुलावर बसली. फोन काढला. ग्रुप मागे मागे नेत गेली.

अळूवड्या! मोठ्या काकांचा अळूनं घसा खवखवतो, आत्या तळलेलं खात नाही. मग आवडत कुणाला होत्या? धुकं! बाबांचं बोट धरून धुक्यातून शाळेत जायचं कोण? आणि ही शेवटची ओळ — 'नाशिकला थंडी पडली का?' मंडळी, त्या ग्रुपात नाशिकला राहणारं दुसरं कोण होतं? एका चुलतभावानं लिहिलं होतं, 'गूगल करा, काका!' खाली अकरा अंगठे. तिचा एक शब्द नाही.

तिनं लिहिलं — 'पडली, बाबा. खूप.'

ग्रुप गप्प. कुणी अंगठा दाखवला नाही. कुंदानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला. नुसता धरून ठेवला.

मंडळी, देवालाही आपण एका आवाजात, घोळक्यानं हाक मारतो. त्यात माझी हाक त्याला ओळखू यावी, अशी आशा धरतो. आणि आपल्या माणसाची हाक मात्र घोळक्यात आली म्हणून सोडून देतो! तुमच्याही फोनात एखादी ओळ पडून असेल. 'जेवलात का', 'इकडे ऊन फार', अशीच काहीतरी. ती कुणासाठी होती, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता आरती व्हायची. निरांजन तयार आहे. पण ज्यांना बाहेर जाऊन एक फोन करायचाय, त्यांनी उठावं. लाजू नका — जा! तुम्ही येईपर्यंत देव थांबेल. माणूस थांबेलच असं नाही.